स्टॉप मेकिंग सेन्स

‘टॉकिंग हेड्स’ ह्या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष मैफलीवरील संगीतपट (१९८४). दिग्दर्शक जॉनथन डेमी (१९४४–२०१७). कालावधी ८८ मिनिटे. डिसेंबर १९८३ मध्ये लॉस अँजेल्स शहराच्या हॉलिवुड भागातील पँटेजिस थिएटरमध्ये लागोपाठच्या रात्री झालेले प्रयोग चित्रित करून व ते एकत्र सांधून हा चित्रपट सिद्ध करण्यात आला. मैफलीचे चित्रण ही केवळ नोंद न राहता स्वतंत्र कलाकृती कशी होते, ह्याचे उदाहरण म्हणून त्याचा निर्देश केला जातो.

ह्या वृंदाची स्थापना न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली झाली. गायक व गिटारवादक डेव्हिड बर्न, ड्रमवादक क्रिस फ्रँट्स व बेस गिटारवादिका टीना वेमथ हे तिघेही ऱ्होड आयलंड येथील कलाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९७७ मध्ये जेरी हॅरिसन त्यांना येऊन मिळाला. आरंभीचे त्यांचे संगीत रेखीव, काहीसे कोरडे होते. पुढे आफ्रिकी लयबंध व अमेरिकन कृष्णवर्णीयांचे ‘फंक’ संगीत ह्यांचा त्यावर सखोल संस्कार झाला. १९८३ च्या दौऱ्यासाठी मूळच्या चौघांना पाच साथीदारांची जोड देण्यात आली : की-बोर्डवादक बर्नी वॉरेल (१९४४–२०१६), गिटारवादक ॲलेक्स विअर, तालवादक स्टीव्ह स्केल्स आणि गायिका लिन मेब्री व एडना होल्ट. वॉरेल व मेब्री हे फंक संगीताच्या मूळ प्रवाहातच वाढलेले कलावंत होते. चित्रपटात ह्या पाचांना दुय्यम साथीदारांप्रमाणे मागे ठेवलेले नाही, ही बाब विशेष उल्लेखनीय होय.

तत्पूर्वी मैफलीच्या चित्रपटांची एक परंपरा रूढ झालेली होती. वुडस्टॉक (१९७०) ह्या अनुबोधपटात श्रोतृसमुदाय हाच नायक होता. द लास्ट वॉल्ट्झ (१९७८) मध्ये मार्टिन स्कोर्सेसी ह्याने गीतांच्या मधूनमधून कलावंतांच्या मुलाखती गुंफल्या. डेमीने ह्या दोहोंचा त्याग केला. त्याच्या चित्रपटात मुलाखती नाहीत, निवेदन नाही, पडद्यामागची हकिकत नाही. श्रोत्यांचे चेहरेदेखील अखेरच्या भागापर्यंत जवळजवळ दिसत नाहीत. कोठे आनंद मानावयाचा, हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरविण्याची सोय त्यामुळे चित्रपटगृहातील प्रेक्षकाला राहत नाही.

रंगमंचाची कल्पना बर्नची होती. प्रारंभी रंगमंच पूर्णपणे उघडा असतो. मागच्या भिंती, शिड्या, सामान सारे दिसते. बर्न एकटाच येतो, हातातील कॅसेट-यंत्र खाली ठेवतो आणि त्याच्या ठेक्यावर गिटार वाजवून गातो. दुसऱ्या गीतास वेमथ, तिसऱ्यास फ्रँट्स, चौथ्यास हॅरिसन येतो. दरम्यान काळ्या पोषाखातील कामगार वाद्यांची व्यासपीठे ढकलीत आणतात आणि सहाव्या गीतापर्यंत नऊ कलावंतांचा पूर्ण संच उभा राहतो. एखादा लयबंध कोणकोणत्या थरांनी घडत जातो, हे प्रेक्षकाला अशा रीतीने डोळ्यांनी पाहावयास मिळते. संगीताची रचना समजावून देण्याचा एवढा साधा उपाय क्वचितच कोणाला सुचला असेल.

तथापि ह्या उघडेपणालाही मर्यादा आहे. कॅसेट-यंत्रातून येतो असे वाटणारा ठेका वस्तुतः तालयंत्रातून ध्वनिमिश्रकाद्वारे येत होता. दुसऱ्या गीतात रंगमंचावर दोघेच असताना जो तिसरा आवाज ऐकू येतो, तो पडद्याआड उभ्या असलेल्या मेब्रीचा होय. शिवाय एकाच रात्रीची भासणारी मैफल अनेक रात्रींतून निवडलेली आहे. काही भाग नंतर चित्रपटनिर्मितीगृहात पुन्हा चित्रित करावा, असा डेमीचा विचार होता. परंतु श्रोत्यांच्या प्रतिसादावाचून वादनातील जोम टिकणार नाही, असे सांगून वृंदाने त्यास नकार दिला. जोडकाम मान्य, पण श्रोत्यांवाचून वादन नाही, अशी ही भूमिका होती. चित्रपटातील जिवंतपणाचे श्रेय बऱ्याच अंशी तिला द्यावे लागेल.

छायालेखन जॉर्डन क्रोननवेथ (१९३५–९६) ह्याचे असून ब्लेड रनर (१९८२) ह्या चित्रपटाचा छायालेखकही तोच होता. एमटीव्ही ही दूरचित्रवाहिनी १९८१ मध्ये सुरू झाल्यावर संगीताच्या चित्रणात तुकड्यातुकड्यांच्या वेगवान संकलनाची रीत बोकाळली. येथे मात्र कॅमेरा दीर्घकाळ एकाच कलावंतावर स्थिरावतो व वादकांची परस्परांकडे जाणारी नजर टिपतो. बर्नचा सुप्रसिद्ध अवाढव्य सूट जपानच्या नो नाट्यातील रुंद, चौकोनी वेशभूषेवरून सुचलेला आहे. त्यामुळे धड प्रचंड व डोके लहान दिसते. तो चढविण्यास बर्नला अवधी मिळावा म्हणून मधले एक गीत फ्रँट्स व वेमथ ह्यांच्या ‘टॉम टॉम क्लब’ ह्या स्वतंत्र वृंदाचे घेतले आहे. ध्वनिमुद्रणासाठी अंकीय तंत्राचा वापर करणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत ह्याची गणना होते. निर्मितीचा सु. १२ लाख डॉलरचा खर्च वृंदानेच उभा केला.

अमेरिकेतील राष्ट्रीय चित्रपटसमीक्षक संस्थेने १९८४ चा उत्कृष्ट अनुबोधपट म्हणून त्याची निवड केली. वृंदाच्या दृष्टीने मात्र हा दौरा अखेरचाच ठरला. पुढेही ध्वनिमुद्रिका निघाल्या, पण १९९१ मध्ये वृंद विसर्जित झाला आणि सदस्यांमधील कटुता उघड झाली. एकमेकांकडे पाहून हसत वाजविणाऱ्या चौघांचे हे चित्रण त्यामुळे नंतरच्या प्रेक्षकांना निराळे वाटू लागले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश करण्यात आला. २०२३ मध्ये त्याची नव्याने संस्कारित प्रत टोराँटो येथील चित्रपटमहोत्सवात दाखविण्यात आली, तेव्हा हे चौघे बऱ्याच वर्षांनी जाहीरपणे एकत्र बसले. वादन मात्र त्यांनी केले नाही.