मांडी घालवेना, तर टेबल उचला

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात ठोकाई वर्षानुवर्षं जमिनीवर बसूनच होत आली. पण गुडघा किंवा कंबर दुखावली की मांडी घालणं अवघड. घरी हौसेनं ठाकठूक करणाऱ्यांचीही तीच गत.

उपाय टेबलाशी उभं राहून काम करण्यात आणि त्याच्या उंचीत आहे.

सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवावं. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजावं. नक्षीकाम कोपराच्या 5 ते 10 सेंटिमीटर वर हवं, हलकी जुळवाजुळव तेवढीच खाली, हातोडा चालवायचा तर 20 ते 40 सेंटिमीटर खाली. मोजायचं ते हातातल्या भांड्यापर्यंत, फळीपर्यंत नव्हे. टेबल बुटकं असल्यास त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के करावेत. उभं राहायला रबरी चटई, आलटून पालटून पाय टेकायला पाट आणि शेजारी उंच स्टूल ठेवावं.

किती वेळ उभं राहायचं, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.