पोपट : नाव एक, जाती अनेक

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारसारख्या गावाच्या शिवारात, ज्वारीच्या कणसांवर किंवा पेरूच्या झाडावर हिरवा थवा उतरला, की ‘पोपट आले’ एवढेच म्हटले जाते. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने मात्र पोपट ही एकच जात नव्हे. महाराष्ट्रात आढळणारे चार पोपट परंपरेने ‘सिटॅक्युला’ या वंशात गणले जातात. वंश म्हणजे निकटच्या जातींचा समूह होय. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८०० मध्ये हा वंश स्थापिला. लांब, निमुळती शेपटी व बाकदार चोच ही या समूहाची ठळक लक्षणे होत.

जाती कशा ओळखाव्यात ?

शेतीच्या प्रदेशात सर्वत्र दिसतो तो कंठवाला पोपट. काळा-गुलाबी कंठ केवळ प्रौढ नरास असतो. मादीस तो नसल्याने तिला निराळी जात समजू नये. मोठा अथवा पहाडी पोपट आकाराने थोर असून त्याच्या खांद्यावर तांबडा पट्टा असतो. तिसऱ्या जातीत नराचे डोके जांभळट-लाल, तर मादीचे राखी असते. चौथा, निळसर पंखांचा पोपट केवळ पश्चिम घाटातील वनराजीत राहतो.

वर्गीकरणात नवी भर

पूर्वी रंग, आकार व चोच यांवरच वर्गीकरण होई. आता डीएनएची तुलनाही केली जाते. आग्नेय आशियातील ‘टॅनिग्नॅथस’ वंशाचे पोपट या समूहाच्या मधोमध पडतात, असे त्यातून आढळले. म्हणून जुना वंश विभागून अनेक वंश करावेत, असा प्रस्ताव २०१९ मध्ये मांडण्यात आला. तो सर्वत्र सारखा स्वीकारला गेलेला नाही. त्यामुळे एकाच पक्ष्याची दोन शास्त्रीय नावे वाचनात येतात.

संरक्षणाची गरज

नावे बदलली तरी या पक्ष्यांच्या गरजा बदलत नाहीत. हे चारही पोपट मुख्यतः झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. जुनी झाडे तुटली, की त्यांचे घरटेच नाहीसे होते. ढोलीतून पिल्ले काढून विकण्याच्या प्रकाराचा फटका पहाडी पोपटास विशेष बसला असून, जागतिक यादीत त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील जात म्हणून आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या रानातील पोपट पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पिकाची राखण अवश्य करावी. परंतु बांधावरील ढोलीचे जुने झाड राखणे, हेही शेतकरी बांधवांच्याच हाती आहे.