काठाचा आकार आणि धरणाच्या पाण्याचा रंग

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके धरणांचे तालुके म्हणूनच ओळखले जातात. वेळवंडी नदीवरील भाटघर, नीरेवरील नीरा देवघर, आंबीवरील पानशेत, मोसे नदीवरील वरसगाव आणि त्यांच्या जोडीला गुंजवणी असे मोठे जलाशय येथे आहेत. १९२८ साली पूर्ण झालेल्या एकट्या भाटघर धरणाची साठवणक्षमता सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. मात्र या पाण्याचा रंग सर्वत्र सारखा नसतो. भिंतीजवळ निळसर दिसणारे पाणी आत शिरलेल्या एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी हिरवट आणि दाट झालेले आढळू शकते. असे का होते, याचे उत्तर पुष्कळ अंशी जलाशयाच्या काठाच्या आकारात दडलेले आहे.

पाण्याला हिरवेपणा येतो तो वनस्पतिप्लवकांमुळे. पाण्यात तरंगणाऱ्या या सूक्ष्म वनस्पतींना सूर्यप्रकाश, नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये आणि वाढीसाठी थोडा निवांतपणा हवा असतो. एका मर्यादेपर्यंत त्या उपकारकच आहेत. माशांच्या अन्नसाखळीचा आरंभ त्यांच्यापासून होतो आणि दिवसा त्या पाण्यात प्राणवायू सोडतात.

आता काठाचा विचार करू. दहा चौरस किलोमीटरचे तळे अगदी वर्तुळाकार असेल, तर त्याचा काठ जेमतेम सव्वाअकरा किलोमीटर भरेल. तेवढ्याच क्षेत्राच्या जलाशयाचा काठ पंचेचाळीस किलोमीटर असेल, तर तो वर्तुळाच्या चौपट झाला. हे गुणोत्तर जितके मोठे, तितके पाणी जमिनीशी अधिक ठिकाणी भिडलेले. सह्याद्रीच्या दऱ्यांत पाणी अडवले की ते प्रत्येक ओढ्यात बोटासारखे शिरते, म्हणून आपल्याकडील जलाशयांचे काठ दंतुर असतात. धरणांच्या माहितीपत्रकांत साठा आणि भिंतीची उंची ठळकपणे छापलेली असते. काठाची लांबी मात्र सहसा सापडत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

अशा फाट्यांत पाणी उथळ असते. खोल पाण्यात प्लवक लाटांबरोबर अंधाऱ्या थरात ओढले जातात, उथळ पाण्यात ते बहुतेक वेळ प्रकाशातच राहतात. फाट्याचे तोंड अरुंद असेल, तर मुख्य जलाशयाशी पाण्याची देवघेव मंदावते. भातखाचरांतून, गोठ्यांतून आणि सांडपाण्यातून आलेले नत्र व स्फुरद तेथेच रेंगाळते. त्यात गाळपेर जमिनीची भर पडते. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी इतके ओसरते, की कांबरेश्वराचे बुडालेले मंदिर उघडे पडते. ओसरलेल्या काठावर खत घालून पीक घेतले असेल, तर पावसाळ्यात ती जमीन पुन्हा बुडाल्यावर खताचा अंश पाण्यात उतरतो. ऐन पावसाळ्यात गढूळपणा आणि वाहते पाणी प्लवकांना वाढू देत नाही. पाणी निवळल्यावर त्यांची खरी वाढ सुरू होते.

वाऱ्याचे कार्य वेगळे आहे. नीलहरित शेवाळाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यामुळे ते पृष्ठभागावर येते. वारा त्याला ढकलत नेतो आणि ज्या काठाकडे तो वाहतो, तेथील खोबणीत त्याचा थर साचवतो. म्हणजे जेथे शेवाळ दिसते तेथेच ते वाढले असेल, असे नव्हे.

अर्थात आकार हे एकमेव कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर जवळजवळ वर्तुळाकार आहे, तरीही त्याचे पाणी हिरवे असते. बाहेर वाट नसलेल्या त्या क्षारयुक्त पाण्याची जातच निराळी. उलट, काठाचा नियम समुद्रालाही लागू पडतो. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला गेले, की पुढे बाणकोटजवळ सावित्री समुद्राला मिळते. तेथील खाडीचे आडोशाचे पाणी आणि उघड्या किनाऱ्यावरचे लाटांनी सतत ढवळले जाणारे पाणी यांतील प्लवकांची स्थिती सारखी नसते.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हा प्रश्न जॅकवेलच्या जागेपाशी येऊन ठेपतो. गावाला सर्वांत जवळची आणि स्वस्त पडणारी जागा बहुधा फाट्यातच असते. परंतु हिरव्या पाण्याने गाळण्या लवकर तुंबतात, क्लोरीन अधिक लागतो आणि पाण्याला वास येतो. काही नीलहरित शेवाळे विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि ती उकळण्याने नष्ट होत नाहीत. मोरचूद टाकून शेवाळ मारले, तर पेशी फुटून तीच द्रव्ये पाण्यात मोकळी होतात. म्हणून पाण्यावर हिरवा तवंग असताना गुरांनाही तेथे पाजू नये. दाट शेवाळ रात्री प्राणवायू वापरते, त्यामुळे पहाटे मासे मरण्याचा संभव असतो.

शाळांना एक सोपी पाहणी करता येईल. वीस सेंटिमीटर व्यासाच्या जड तबकडीवर आलटूनपालटून काळे व पांढरे भाग रंगवून, दोरीला वजन लावून ती शिक्षकांनी नावेतून पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली महिन्यातून एकदा, दुपारी, फाट्यात आणि भिंतीच्या बाजूच्या खुल्या पाण्यात नोंदवावी. गढूळपणाही आकडा कमी करतो, म्हणून पाण्याचा रंग शेजारी लिहावा. नव्या जॅकवेलचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा वर्षभराचे हे आकडे हाताशी असतील.