पाच स्टार, दीड टन आणि जालन्याचं ऊन

पारा चाळिशीच्या पुढे सरकला की नवीन जालन्यात एसीची खरेदी घाईघाईने होते. दुकानात शिरताना बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी पक्क्या असतात: दीड टन आणि पाच स्टार. दोन्हींत वावगं काही नाही, पण त्या घराकडे न बघता ठरवलेल्या असतात. बिल किती येणार हे स्टारांइतकंच डोक्यावरचा स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि एसी वर्षात किती तास चालणार यांवर ठरतं.

पहिला गैरसमज स्टारांचाच. पाच स्टार म्हणजे कायमची पदवी, असं मानलं जातं. प्रत्यक्षात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो हे निकष दर काही वर्षांनी कडक करतं. २०१८ पासूनच्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच स्टार मिळायला ४.५ चा आयएसईईआर पुरत होता. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५ लागू लागला. म्हणजे जुन्या तक्त्यात काठावर पाच स्टार मिळवलेलं मशीन नव्या तक्त्यात चार स्टारचं ठरलं. जानेवारी २०२६ पासून निकष आणखी कडक झाले. म्हणून गोदामात राहिलेला जुना माल सवलतीत मिळत असेल, तर लेबलवरचा कालावधी आधी वाचावा आणि स्टारांऐवजी आयएसईईआरचा आकडा पाहावा. एक युनिट विजेत मशीन हंगामभरात सरासरी किती युनिट उष्णता खोलीबाहेर टाकतं, हे तो आकडा सांगतो. जितका मोठा, तितकं चांगलं.

त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं. हा आकडा आपल्या बिलाचा नसतो. तो वर्षाला १,६०० तास वापर आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांमध्ये बदलत राहील असं धरून काढलेला असतो. त्यातले बरेचसे तास मध्यम उकाड्याचे असतात. जालन्यातली मे महिन्यातली दुपार या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असते, त्यामुळे दुपारी चालणारा एसी लेबलवरून वाटतं त्यापेक्षा जास्त वीज खातो. फक्त रात्री झोपताना लावणाऱ्यांचा खर्च लेबलच्या जवळपास जातो.

तरीही हा आकडा दोन मशीनची तुलना करायला उत्तम. नमुन्यादाखल धरू की तीन स्टारच्या लेबलवर १,००० युनिट आहेत आणि पाच स्टारच्या लेबलवर ७८०. फरक २२० युनिटांचा, पण १,६०० तासांसाठी. तुम्ही तीन महिने रोज आठ तास एसी लावत असाल, तर वापर होतो ७२० तास आणि फरक उरतो साधारण १०० युनिट. युनिट दहा रुपये धरलं तर वर्षाला हजार रुपये वाचले. किमतीत आठ हजारांचा फरक असेल, तर तो फिटायला आठ वर्षं गेली. हेच मशीन दवाखान्यात किंवा घरातल्या ऑफिसात वर्षाला २,००० तास चालणार असेल, तर तोच फरक तीन वर्षांत फिटतो. म्हणून पाहुण्यांच्या खोलीसाठी तीन स्टार घेणारा माणूस चुकत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याने वाचलेले पैसे गच्चीवर घालावेत. ते कसे, ते पुढे येईलच.

या हिशेबात एक गोष्ट मात्र विसरू नये. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटांपर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्यापुढे. वरच्या टप्प्यात गेलं की सगळीच युनिटं महागतात, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं, चढा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. पण पंखे, फ्रिज, टीव्ही यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात आणि एसीची युनिटं त्यावर चढतात. तेव्हा बिलाची रक्कम एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर एसीच्या हिशेबाला धरू नका. शेवटच्या टप्प्याचा दर धरा.

आता टनाकडे. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता. त्यामुळे दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॉटच्या आसपास. पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या मशीनची क्षमता सारखी नसते. कुणाची ४,८०० वॉट असते, कुणाची ५,२०० च्या वर. लेबलवर हा आकडा लिहिलेला असतो आणि भाव करताना तो विचारणारे फार थोडे. शिवाय ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४२ अंश झाले की तेच मशीन कमी थंडावा देतं आणि त्यासाठी जास्त वीज घेतं. म्हणून माहितीपत्रकात मशीन बाहेरच्या किती तापमानापर्यंत चालतं ते पाहावं आणि बाहेरचं युनिट सावलीत, मागेपुढे मोकळी हवा राहील असं बसवावं. ते दिसायला नको म्हणून कोपऱ्यात कोंबलं किंवा जाळीच्या पेटीत बंद केलं, तर त्याने फेकलेली गरम हवा तेच परत ओढतं.

दहा बाय बाराच्या खोलीला साधारण एक टन पुरतो. पण हाच हिशेब वरच्या मजल्यावर फसतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर ऊन अडवून धरायचा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. अशा खोलीत लोक टन वाढवतात. त्याऐवजी मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करावी. बरंचसं ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परत जातं. मग लहान मशीनही भागवतं, आणि हा फायदा एसी बंद असतानाही मिळतो.

जालन्यात एसीचा खरा प्रतिस्पर्धी कूलर. कूलर जुन्या काळाचा, एसी आला की तो मोडीत, ही समजूत इथल्या हवेला लागू पडत नाही. एप्रिल-मे मध्ये इथली हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत पाण्याचं बाष्प होऊन चांगला थंडावा मिळतो, तोही एसीच्या मानाने अगदी थोड्या विजेत. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर फक्त चिकचिक वाढवतो. त्याला पाणीही लागतं, आणि घाणेवाडी तलाव आणि पैठणहून येणारी जलवाहिनी यांच्या भरवशावर असलेल्या शहरात उन्हाळ्याचं पाणी मोजूनच वापरावं लागतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी कोरड्या दिवसांत कूलर आणि दमट रात्री एसी असं वापरावं. दोन्ही एकाच खोलीत एकदम लावून जास्त गार होईल असं मानणं ही मात्र मोठी चूक. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. आणि कूलरने हवेत घातलेला ओलावा काढायलाच एसीची बरीच वीज जाते.

एसीसोबत हळू फिरणारा छताचा पंखा मात्र जरूर लावा. २६ अंशांवर पंखा चालू असला की २४ सारखं वाटतं. एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरोचं सांगणं आहे. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात. रिमोटवर १८ केलं तर खोली लवकर गार होत नाही. कुठवर गार करायचं तेवढंच त्या आकड्याने मशीनला कळतं.

इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेली तरी चालणारा एसी, असंही अजून ऐकू येतं. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. त्यात कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे खोली गार झाली की तो बंद-चालू न होता मंद चालत राहतो. फायदा लांब वेळ वापरणाऱ्यांना जास्त होतो.

आणि शेवटी गॅस. दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो, हे खोटं आहे. गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद केल्याशिवाय नुसता भरू देऊ नका. जुन्या मशीनच्या जागी नवं घेताना आर-३२ किंवा आर-२९० गॅसचं पाहा. जुन्या आर-४१०ए चा पृथ्वी तापवण्याचा परिणाम आर-३२ च्या तिपटीहून जास्त आहे. आर-३२ आणि आर-२९० हे दोन्ही गॅस पेट घेऊ शकतात, आर-२९० तर सहज, म्हणून बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावं. नळ्या जोडल्यावर त्याने पंपाने आतली हवा आणि ओल पूर्ण काढली का, वायरमनने एसीसाठी वेगळी वायर आणि एमसीबी टाकली का, अर्थिंग तपासलं का, हे समोर उभं राहून पाहा. फिल्टरचं काम तर घरचंच: औद्योगिक वसाहतीच्या बाजूला, धुळीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला ते काढून नळाखाली धुवावेत, सावलीत वाळवून परत बसवावेत.