स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजीतला 'पॅसिव्ह व्हॉइस' अवघड का जातो?

'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न आपल्याकडे बहुतेकांनी शाळेत सोडवलेला असतो. कर्म पुढे आणायचं, 'इज' किंवा 'वॉज' लावायचं, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं, शेवटी 'बाय'. मेक्सिको, अर्जेंटिना किंवा स्पेनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांनाही हाच धडा असतो. त्यांच्या भाषेत पॅसिव्ह आहेच, पण बोलताना तो क्वचित वापरला जातो. खरी अडचण तिथून सुरू होते.

जिथे दोन्ही भाषा जुळतात

'एल लिब्रो फुए एस्क्रितो पोर सेर्वान्तेस' म्हणजे 'द बुक वॉज रिटन बाय सर्वांतेस'. शब्दाला शब्द जुळतो. फरक इतकाच की स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं रूप लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. पुस्तक 'एस्क्रितो', तर कादंबरी 'एस्क्रिता'. मराठीत 'लेख लिहिला गेला, कादंबरी लिहिली गेली' होतं, तसंच. इंग्रजीत मात्र 'रिटन' कायम राहतं. बदलतं ते फक्त 'इज', 'वॉज', 'विल बी'.

छोटासा 'से'

रोजच्या बोलण्यात स्पॅनिश भाषक 'से' या शब्दावर काम भागवतात. घरावर 'से वेन्दे' अशी पाटी दिसते, म्हणजे आपल्याकडचं 'विकणे आहे'. दुकानावर 'से आब्ला एस्पान्योल' लिहिलेलं असतं, म्हणजे 'इथे स्पॅनिश बोलली जाते'. कोण विकतंय, कोण बोलतंय, हे सांगायची गरजच नाही.

इंग्रजीत असा शब्द नाही. म्हणून नवशिके 'हिअर स्पीक स्पॅनिश' म्हणून जातात. बरोबर वाक्य आहे 'स्पॅनिश इज स्पोकन हिअर'.

नेहमी अडखळायला होतं अशा दोन जागा

* जन्म: स्पॅनिशमध्ये 'नासी एन माद्रिद' हे साधं ॲक्टिव्ह वाक्य आहे. इंग्रजीत मात्र 'आय वॉज बॉर्न इन माद्रिद'. त्यामुळे 'आय बॉर्न' ही चूक वारंवार होते.
* देणं-सांगणं: 'आय वॉज गिव्हन अ बुक' अशी रचना स्पॅनिशमध्ये होतच नाही. तिथे 'मे दिएरोन उन लिब्रो' म्हणतात, म्हणजे 'मला पुस्तक दिलं'. कोणी दिलं ते मोघम. त्याचं 'दे गेव्ह मी अ बुक' केलं, तर व्याकरण बरोबर असतं, पण ऐकणारा विचारू शकतो, 'दे' म्हणजे कोण?

चूक कोणाची?

हातातून ग्लास पडला की स्पॅनिश भाषक म्हणतो, 'से मे कायो एल वासो'. मराठीतलं 'माझ्या हातून ग्लास पडला' अगदी याच्या जवळचं आहे. घडलं, पण मुद्दाम केलं नाही. इंग्रजीत अशा वेळी सरळ 'आय ड्रॉप्ड द ग्लास' म्हणण्याची पद्धत आहे. इथे 'द ग्लास वॉज ड्रॉप्ड' म्हटलं, तर माणूस जबाबदारी टाळतोय असं वाटू शकतं.

कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना काही व्हिडिओ दाखवले होते. मुद्दाम केलेली कृती कोणी केली, हे दोन्ही गटांच्या सारखंच लक्षात राहिलं. अपघाताने घडलेल्या गोष्टीत मात्र ती कोणाच्या हातून घडली, हे इंग्रजी भाषकांना जास्त चांगलं आठवलं.

मग करायचं काय?

'से'चं भाषांतर करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: कोणी केलं, हे सांगणं गरजेचं आहे का? असेल, तर ॲक्टिव्ह. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर पॅसिव्ह. आणि चूक आपल्याच हातून झाली असेल, तर 'आय'ने सुरुवात करणं उत्तम. ऑफिसच्या मेलमध्ये 'द फाइल वॉज डिलीटेड' लिहिलं, की पुढचा प्रश्न 'कोणी?' हाच येतो. 'आय डिलीटेड द फाइल बाय मिस्टेक' लिहिलं, तर निदान तो प्रश्न तरी उरत नाही.