कानाच्या पाळीवरचा थेंब

'स्केटिंगवाल्यांच्या रक्तात नेमकं काय बघतात, ते लिहा,' एवढंच संपादक म्हणाले. इतिहास चटकन आटोपतो. 1780 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाला आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल सापडलं. स्नायूंवरच्या संशोधनासाठी हिल आणि मायरहोफ यांना 1922 चं नोबेल मिळालं. 1976 मध्ये जर्मनीतल्या माडर आणि सहकाऱ्यांनी रक्तात लिटरमागे 4 मिलिमोल लॅक्टेट (याच आम्लाचं रक्तातलं रूप) ही सीमारेषा मांडली. मी अडकलो तो मात्र चाचणीच्या यंत्रापाशी.

यंत्र मुठीत मावतं. खेळाडूनं ठरल्या वेगानं काही मिनिटं फेऱ्या मारायच्या आणि थांबायचं. मग कानाची पाळी किंवा बोट टोचून पट्टीला थेंब लावायचा. पट्टीतल्या विकराची लॅक्टेटशी क्रिया होते, बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि मिनिटाच्या आत आकडा येतो. मग वेग वाढवायचा, पुन्हा टोचायचं. विश्रांतीत हा आकडा 1 च्या आसपास असतो. वेग वाढला तरी बराच वेळ तो फारसा हलत नाही, आणि मग एकदम उसळतो. ही उसळी जितक्या जास्त वेगाला येईल तितका दमसास मोठा. लॅक्टेट हा काही शरीरातला कचरा नव्हे. हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून जाळतात. उसळी म्हणजे तयार होणारं लॅक्टेट वापरापेक्षा जास्त झालं, इतकंच.

सगळा भरवसा टोचणाऱ्याच्या हातावर. घामात लॅक्टेट रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून कातडी कोरडी करून पहिला थेंब पुसून टाकायचा. घाई झाली, की खेळाडू असतो त्याहून दमलेला दिसतो.

नेदरलँड्सचे प्रशिक्षक याक ओरी आणि सहकाऱ्यांनी ऑलिंपिक पदकविजेत्या स्केटरांचा 38 वर्षांचा सराव याच मापानं तपासला: 2 पर्यंत हलका, 2 ते 4 मधला, त्यावर कठीण. सरावाचे एकूण तास सातत्यानं वाढल्याचं दिसलं नाही. वाढत गेला तो हलक्या सरावाचा वाटा! मला हे वाचून बरं वाटलं, पण घाम गाळल्याशिवाय सराव न मानणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना हे कोण पटवणार?

खरी अडचण बसकणीत आहे. स्पीड स्केटर गुडघे खोल वाकवून, पाठ आडवी धरून धावतो. प्रत्येक वेळी सरकताना मांडीचा स्नायू बराच वेळ आवळलेला राहतो आणि रक्ताची वाट अडते. संशोधक कार्ल फॉस्टर यांच्या गटानं खाली वाकून आणि थोडं उभं राहून केलेलं स्केटिंग ताडून पाहिलं, तेव्हा वाकलेल्या स्थितीत लॅक्टेट जास्त निघालं. म्हणजे चाचणीत खेळाडू नकळत जरा वर उठला, तरी आकडा उतरतो आणि तयारी सुधारल्याचा भास होतो. सायकलवर काढलेली सीमारेषा बर्फावर तशीच चालवता येत नाही, ती यामुळेच. त्यात आदल्या दिवशी भात-पोळी पोटभर झाली नसेल, तर स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा कमी असतो, लॅक्टेटही कमी बनतं आणि उपाशी खेळाडू कागदावर तगडा ठरतो.

आपल्याकडे बर्फ फारसा नाही, चाकं आहेत. 2023 च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी 3000 मीटर रिलेत कांस्यपदकं मिळवली. बसकण इथेही तीच, वर उन्हाचा घाम. एका खेळाडूच्या एका चाचणीला पाच-सहा पट्ट्या लागतात, आणि वापरलेली पट्टी पुन्हा चालत नाही. गावोगावच्या क्लबात हा खर्च पालकांच्याच खिशातून जाणार.