दोन कोटींचे सव्वातीन: एका आलिशान फ्लॅटची दहा वर्षं

मंठ्याकडून आलेला रस्ता देवगाव फाट्यावर फुटतो, एक वाट जिंतूरला, दुसरी सेलूला. जालना-नांदेड समृद्धी जोडमहामार्गाची मोजणी आमच्या तालुक्यातून गेली, तेव्हापासून फाट्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर कापूस-सोयाबीनच्या भावाइतकंच जमिनीच्या भावावर बोललं जातं. ज्यांच्या हातात मोबदल्याची मोठी रक्कम येणार आहे, त्यांच्यापर्यंत पुण्या-मुंबईच्या आलिशान फ्लॅटची गुळगुळीत माहितीपत्रकंही पोचू लागली आहेत. त्यांतलं एखादं घेऊन लोक माझ्याकडे येतात, कारण मी सेलूत कराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम करतो. अशा वेळी मी त्यांच्यासमोर माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची, वही उघडतो. तशी त्यानेच मला मोकळीक दिली आहे.

दादाने सेलूत जिनिंगच्या धंद्यात पैसा केला. २०१४ च्या दिवाळीत त्याने मुंबईच्या पश्चिम उपनगरात तयार फ्लॅट घेतला, दोन कोटींना. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, संगमरवरी प्रवेशद्वार. राहायला नाही, गुंतवणूक म्हणून. वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात आहे: मुद्रांक शुल्क १० लाख, नोंदणी ३० हजार, दलाली २ लाख, आतलं लाकूडकाम, फर्निचर आणि वातानुकूलन २० लाख. म्हणजे दोन कोटींच्या घराला गेले २ कोटी ३२ लाख ३० हजार. फायद्याचा हिशेब या आकड्यापासून सुरू करायचा असतो. बहुतेक जण तो दोन कोटींपासून करतात आणि तिथेच फसतात.

२०२४ च्या दिवाळीत फ्लॅट सव्वातीन कोटींना गेला. फाट्यावर बातमी पसरली, दादाने सव्वा कोटी कमावले. आम्ही दोघं मात्र वही घेऊन बसलो होतो. विक्रीची दलाली जाऊन हातात आले ३ कोटी २१ लाख ७५ हजार. भाडं सरासरी महिना ५० हजार, पण १२० महिन्यांपैकी दहा महिने घर रिकामं होतं. त्यांतले सहा एका झटक्यात २०२० मध्ये, टाळेबंदीत भाडेकरू सोडून गेला तेव्हा. सोसायटीचा देखभाल खर्च महिन्याला १२ हजार, घर रिकामं असलं तरी चुकत नाही. मालमत्ता कर, दोनदा रंग, गळती, प्राप्तिकर. सगळं वजा करून दहा वर्षांच्या भाड्यातून उरले २४ लाख.

दोन्ही बाजू जुळवल्यावर परतावा आला वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. २०१४ मध्ये बँकेची दीर्घ मुदतीची ठेव साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती. तीस टक्क्यांच्या गटातला माणूस कर भरूनही तिच्यातून पावणेसहा टक्के काढत होता. याच काळात सोनं तोळ्याला २७ हजारांच्या आसपास होतं ते ७८ हजारांच्या आसपास गेलं, आणि सेन्सेक्स २७ हजारांच्या जवळ होता तो ८० हजारांच्या जवळ पोचला. दोन्ही जवळपास तिप्पट. फ्लॅट दीडपटीच्या थोडा वर. बरं, दादाने कर्ज काढलं नव्हतं. तेव्हा गृहकर्जाचा व्याजदर दहा टक्क्यांच्या वर होता. दहाने पैसा आणायचा आणि सव्वाचारने लावायचा, हे कुठल्याही जिनिंगवाल्याला कापसाच्या बाबतीत एका क्षणात कळतं.

माझे स्वतःचे डोळे उघडले ते कराच्या कागदाने. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घराच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर लावला आणि महागाईची वजावट काढून घेतली. आधी घेतलेल्या घरांना मात्र नंतरच्या दुरुस्तीने जुनी पद्धत निवडण्याची मुभा दिली: महागाई निर्देशांक लावून वीस टक्के. २०१४-१५ चा निर्देशांक २४०, २०२४-२५ चा ३६३. फर्निचर सोडून दादाची खरेदी २ कोटी १२ लाख ३० हजार. ती ३६३ ने गुणली, २४० ने भागली, तर येतात सुमारे ३ कोटी २१ लाख १० हजार. विकून आलेल्या रकमेत आणि यात फरक फक्त ६५ हजारांचा! कर जवळपास शून्य, म्हणून दादा खूश झाला. मी त्याला म्हटलं, "दादा, सरकारच सांगतंय की तुमच्या घराची किंमत वाढलीच नाही. वाढली ती महागाई." तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. आज नवीन घेणाऱ्याला तर ही मुभाही नाही. इतक्याच कागदी नफ्यावर त्याला पावणेचौदा लाखांच्या आसपास कर बसेल, अधिभार वेगळा.

दादाचं नशीब खोटं होतं का? नाही, त्याचं वर्ष खोटं होतं. मुंबईच्या गेल्या तीस वर्षांकडे मागे वळून बघितलं की हे स्वच्छ दिसतं. १९९५ च्या सुमाराला नरिमन पॉइंटची कार्यालयं जगातल्या सर्वांत महागड्या जागांत मोजली जात. त्यानंतरची सात-आठ वर्षं मुंबईत भाव पडत, रेंगाळत राहिले. २००३ नंतर तेजी आली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली आणि चिमण्यांच्या जागी लोअर परळला मनोरे उभे राहिले. २००३ ला घेऊन २०१३ ला विकणाऱ्यांनी खरोखर कमावलं. त्यांच्याच कहाण्या आमच्यापर्यंत पोचल्या आणि दादासारख्यांनी २०१४ ला उडी घेतली. मग २०१६ ची नोटाबंदी, २०१७ ला बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण महारेरा आणि वस्तू व सेवा कर, २०१८ ला आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळून बिल्डरांचा आटलेला पैसा. २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं तेव्हा कुठे बाजार हलला. पुढच्या चार वर्षांत महागडी घरं जोरात खपली. आज हातात येणारी माहितीपत्रकं याच चार वर्षांचा आलेख छापतात.

कुणी शहराऐवजी डोंगरातल्या दुसऱ्या घराचं विचारलं, तर त्याने पुण्याजवळचं लवासा आठवावं. वरसगाव धरणाच्या काठी नवं शहर वसवण्याचं ते स्वप्न २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवल्यावर अडखळलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांचे पैसे त्यात अडकले, त्यांच्यासाठी टक्केवारीचा प्रश्नच उरला नाही.

आलिशान घराचं भाडं बारीक का राहतं, हेही लोक विचारत नाहीत. महिना लाख-दीड लाख भाडं देऊ शकणारा माणूस बहुधा स्वतःचंच घर घेतो. म्हणून किंमत चढत जाते तशी भाड्याची टक्केवारी उतरते, अडीचवर, कधी दोनवर. आणि वाढते ती जमीन, हे आमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण तिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या वाट्याला जमीन थोडीच येते, आणि बांधकाम दरवर्षी जुनं होतं. दहा वर्षांनी समोर नवा मनोरा उभा राहतो, त्याचा तलाव जास्त निळा असतो, आणि श्रीमंत गिऱ्हाईक तिकडे जातं.

राहण्यासाठी घ्यायचं असेल तर मी कुणाला अडवत नाही. मुलं शिकायला तिकडे आहेत, आई-वडिलांचे उपचार तिकडे आहेत, तर घर हे घरच. पण गुंतवणूक म्हणून येणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: हाती पडणारं निव्वळ भाडं किती? दहा वर्षांत दुप्पट होणार म्हणजे सुद्धा वर्षाला सात टक्क्यांहून थोडंच जास्त, आणि तेही खर्च, कर धरायच्या आधी.

त्या संध्याकाळी वही मिटताना दादाने शेवटचं पान उलटलं. तिथे नुसत्या तारखा होत्या, एकाखाली एक. भाडेकरू बदलला, गळती झाली, सोसायटीची सभा होती, म्हणून सेलूहून तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला केलेल्या फेऱ्या. मी मोजल्या, तेवीस होत्या. पेन उघडलं तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे," तो म्हणाला, "ते धरू नकोस."